वांग्यांवरचे माझे मित्र

३ फेब्रुवारी

परवा ही मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही. हॉस्पिटलातून घरी येईपर्यंत हिचा एकच घोशा, बागेचं काय होणार. पायाबद्दल चकार शब्द नाही.

मी म्हटलं, बागेची काळजी सोड, मी आहे ना. त्यावर हिने डोळे मिटून घेतले. निश्चिंत झाली असावी.

मग सूचना दिली. रोज सकाळी झाडांच्या बुडाशी पाणी घालायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे ऐकू आलं. कबूल केलं असा त्याचा अर्थ होत नाही.

हिचा पलंग मागच्या खोलीत खिडकीपाशी हलवला. तिथून घेवडा आणि थोडी काकडी दिसते. वांगी दिसत नाहीत.

४ फेब्रुवारी, सकाळ

बागेचं पहिलं इन्स्पेक्शन. एकंदर स्थिती गंभीर.

मी उभी हयात बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि मी बघत बसायचो. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड, लगेच बाजूला. त्या नजरेने बाग पाहिली तर सगळाच माल बाजूला काढावा लागेल. टोमॅटोंच्या मधे कोळ्यांची जाळी. कोपऱ्यात वाळक्या काटक्यांचा ढीग, त्यात नाना प्रकारचे किडे. मिरच्यांच्या मधेच कसलीतरी पिवळी फुलं, त्यांवर माश्या घोंगावताहेत. ही म्हणते, राहू देत, ती कामाची आहेत. हिची बाग भावनेवर चालते.

जाळी झाडूने काढली. काटक्या फेकून दिल्या. भिंतीला कुंभारीण माशीने मातीची छोटी छोटी मडकी चिकटवली होती, ती खरवडली. फोडून पाहतो तर आत हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या. म्हणजे हे अळ्यांचं गोदाम. वर्षानुवर्षं ते आमच्या भिंतीला लटकलेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

ठरवलं: ही पायावर उभी राहील त्या दिवशी तिला दोषमुक्त बाग दाखवायची. तोवर बोलायचं नाही.

७ फेब्रुवारी

घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा. बारीक, चिकट, खेटून बसलेला. त्याच्यातून फिरत होत्या काळ्या, काटेरी, नारिंगी पट्ट्यांच्या अळ्या. मगरीच्या पिल्लांसारख्या. चेहऱ्यावरूनच कळतं काय लायकीच्या असतील ते. मावा म्हणजे कामगार आणि या त्यांच्यावरच्या सुपरवायझर, हे मी ताबडतोब ओळखलं. सुपरवायझर हटवला की कामगार पांगतात, हा कारखान्यातला अनुभव आहे. चिमट्याने एकेक उचलली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. एकही सुटली नाही.

हिने खिडकीतून विचारलं, काय चाललंय? म्हटलं, पाणी घालतोय. साबणाचं असलं तरी पाणीच.

११ फेब्रुवारी

सुपरवायझर गेल्या, कामगार पांगले नाहीत. उलट भरती चालू आहे. मुंगळ्यांची रांगही लागली. सूड म्हणून चाललंय हे सगळं.

मुलीचा फोन आला. तिला सांगितलं की किडे मारतोय. ती म्हणाली, बाबा, सगळे किडे वाईट नसतात, आधी ओळखा आणि मग मारा. तिने मोबाइलवर एक लेख पाठवला, मित्रकीटक आणि शत्रुकीटक. लेख लांबलचक आहे. चित्रं पाहिली. मुख्य मुद्दा आला लक्षात: गोल, पाठीवर ठिपके असलेला किडा म्हणजे मित्र. मावा खातो. चित्राखाली बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण चष्मा आत राहिला होता.

१२ फेब्रुवारी

याला म्हणतात योग. वांग्यांवर नेमके तसेच किडे बसलेले सापडले. गोल. ठिपके. चित्रातला किडा लालभडक आणि चकचकीत आहे, हे जरा मळकट तांबूस आणि अंगावर बारीक लव असलेले. पण छापताना रंग भडक करतातच. ठिपके मात्र चित्रातल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे वरच्या दर्जाचा माल.

ठरवलं: यांची संख्या वाढवायची.

१५ फेब्रुवारी

गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे रानवांग्यासारखी काटेरी झुडपं माजली आहेत. त्यांवर ठिपकेवाल्यांची ही गर्दी. बिस्किटांच्या डब्यात भरून आणले. हातावर ओरखडे. वांग्यांवर सोडले तर लगेच पानांखाली जाऊन बसले. लाजाळू आहेत.

डबा घेऊन येताना मागच्या घरातले व्हॅनवाले भेटले. त्यांची मालाची व्हॅन आहे आणि घरासमोर गुलाब आहेत. डब्यात काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्टाफ. ते हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नसावा.

२० फेब्रुवारी

वांग्याच्या पानांना जाळी पडल्यासारखी दिसते. शिरा शाबूत, मधला भाग पारदर्शक. बराच विचार केला. मित्र शत्रूंचा पाठलाग करताना पानं घासली जात असणार. इतक्या जोमाने काम म्हटलं की थोडी मोडतोड व्हायचीच.

पानांखाली पिवळ्या, काटेरी अळ्याही दिसल्या. मित्रांची पिल्लं. हात लावला नाही.

ही म्हणाली, वांग्याचं एक पान आणून दाखवा. का म्हणून विचारलं तर म्हणे, सहज. सगळी झाडं धुंडाळल्यावर नळाजवळच्या रोपट्यावर एक धड पान मिळालं. तेच नेऊन दाखवलं. हिने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, छान ठेवलीत हो बाग. किती दिवसांनी हसली.

मला जरा कसंतरी झालं. चहा जास्त झाला असावा.

२२ फेब्रुवारी

शेजारच्या टेलरबाई भिंतीपलीकडून हिची चौकशी करत होत्या. त्या शाळेचे गणवेश आणि पडदे शिवतात. एकट्याच असतात. अंगणात आमच्याएवढीच बाग, आणि भिंतीला लागून मधमाश्यांची लाकडी पेटी. भावाने परदेशी जाताना दिलेली. संध्याकाळी मशीन बंद करून त्या पेटीजवळ स्टुलावर बसलेल्या दिसतात. काही करत नाहीत, नुसत्या बसतात.

मी त्यांना मित्रकीटकांविषयी थोडं मार्गदर्शन केलं. त्यांच्या वांग्यांवर एकही ठिपकेवाला नव्हता. वाईट वाटलं. डबाभर आणून दिले. त्या म्हणाल्या, भाऊजी, मला यातलं कळत नाही, पण तुम्ही इतकी वर्षं तपासणीचंच काम केलंय, तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल. आणि माझ्यादेखत सगळे वांग्यांवर ठेवले. एकेक, ओंजळीतून, चिमणीचं पिल्लू ठेवावं तसे.

आज फार बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी

घेवडा माव्याने काळा पडला आहे. नाइलाज झाला. खत-औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कुठला किडा आहे? म्हटलं, सगळे. तो म्हणाला, सगळ्यांवर चालेल असं नका वापरू. मी म्हटलं, असेल तर दाखवा. होतं.

त्याने बजावलं की फुलांवर मारू नका, आणि मारायचंच तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, मधमाश्या घरी गेल्या की मारा. दोनदा सांगितलं. मी म्हटलं, हो.

संध्याकाळी माझी फेरी असते. शिवाय ही संध्याकाळी जागी असते आणि खिडकीत बसते. सकाळी गोळ्यांच्या गुंगीत उशिरापर्यंत झोपते. सकाळच बरी.

१ मार्च, सकाळ

औषधाबरोबर आणलेल्या पंपाने फवारणी यशस्वी. घेवडा, काकडी, भोपळा, मिरच्यांमधली ती पिवळी फुलं, काही सोडलं नाही. फुलांवर घोंगावणाऱ्या माश्या खाली पडल्या. काही गोल गोल फिरत होत्या. मावा सुकला. बागेत एवढी शांतता पूर्वी कधी नव्हती.

पंप धुऊन पत्र्यामागे ठेवला. ही उठायच्या आत आंघोळही उरकली.

१ मार्च, दुपार

टेलरबाई पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. पेटीच्या तोंडाशी जमिनीवर काळा सडा पडलेला. काही माश्या अजून थरथरत होत्या. बाई त्या कागदावर उचलून सावलीत ठेवत होत्या.

मग त्या आमच्या खिडकीशी आल्या. हिला म्हणाल्या, ताई, तुमच्याकडे आज फवारणी केली का कुणी? ही म्हणाली, नाही हो. मी यांना फक्त पाणी घालायला सांगितलंय, आमच्याकडे औषध येतच नाही. यांची मी हमी देते.

मी तेव्हा स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. खिडकी चार पावलांवर. जाऊन सांगता आलं असतं. तोंडात पाणी होतं.

पाणी गिळून झालं तोवर त्या निघून गेल्या होत्या.

२ मार्च

काल जे झालं त्यावर शांतपणे विचार केला. माश्या कशानेही मरू शकतात. हवा बदलली आहे. वय झालं असेल. शिवाय त्या आमच्या बागेत न विचारता येत होत्या.

हा मुद्दा लिहून पाहिला. लिहिल्यावर आणखीच वाईट दिसतो. खोडत नाही, इथे कोण वाचणार आहे.

३ मार्च

टेलरबाई व्हॅनवाल्यांकडे गेल्या होत्या. या गल्लीत पंप असलेला तेवढाच एक माणूस, म्हणजे तेवढाच एक असं सगळे समजतात. गुलाबांवर ते औषध मारतात हे खरं आहे. भिंतीआडून बाईंचा आवाज येत होता. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तुमच्या शोभेच्या फुलांपायी माझा जीव घेतलात, असं म्हणाल्या. माणूस म्हणायच्या लायकीचे नाही आहात, असंही म्हणाल्या. व्हॅनवाले एवढंच बोलले, मी नाही मारलं. तेही एकदाच.

मी उठलो होतो. जाऊन सगळं सांगणारच होतो. चपला सापडेनात. सापडल्या तेव्हा आवाज थांबला होता.

ठरवलं: उद्या सकाळी पहिलं काम हेच.

४ मार्च

सकाळी बाईंच्या दारात गिऱ्हाईक होतं. चारचौघांत बोलण्यासारखा विषय नाही.

५ मार्च

आज गिऱ्हाईक नव्हतं. पण त्या जेवायला बसल्या असतील असं वाटलं. जेवताना माणसाला वाईट बातमी देऊ नये.

६ मार्च

शिवलेले गणवेश दुकानात पोचवायला बाईंना व्हॅनवाले नेहमी मदत करायचे. जाता जाता गाठोडी गाडीत टाकायचे. आता दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. आज बाई दोन्ही खांद्यांवर गाठोडी घेऊन चालत गेल्या. कोपऱ्यावर एक गाठोडं घसरलं. खाली ठेवून पुन्हा बांधलं. मी फाटकापाशीच होतो. पुढे झालो नाही. मदत करायला गेलो असतो तर त्यांनी आभार मानले असते, आणि ते मला सहन झालं नसतं.

ही म्हणाली, किती वाईट झालं बिचारीचं, त्या व्हॅनवाल्याला देव बघून घेईल.

मी म्हटलं, कुणाला असं बोलू नये.

ही म्हणाली, तुम्ही फार सरळ आहात.

९ मार्च

काकड्या धरत नाहीत. फूल येतं, मागे करंगळीएवढी काकडी दिसते, पिवळी पडते, गळते. ही खिडकीतून रोज पाहते आणि म्हणते, माश्याच नाहीत ना, कोण करणार ते काम.

मी करणार. ठरवलं. दाढीचा जुना ब्रश घेतला. मुलीने फोनवर पद्धत सांगितली होती, नर फुलातला पराग मादी फुलाला लावायचा. सकाळभर वाकून हे काम केलं. कंबर धरली. एका माशीचं एका सकाळचं काम माझ्याने होत नाही हे कळलं. नंतर असंही लक्षात आलं की मी बराच वेळ नराचा पराग नरालाच लावत होतो.

११ मार्च

टेलरबाईंचा भोपळाही धरत नाही. त्या शिवत बसल्या आहेत हे मशीनच्या आवाजावरून समजल्यावर भिंतीवरून पलीकडे उतरलो. मादी फुलं आता ओळखता येतात. दोन फुलांना पराग लावून झाला आणि बाई कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. मशीन चालूच होतं असं मला वाटत होतं. तो आवाज दुसऱ्या कुठल्या घरातला होता.

मी म्हटलं, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर होता. हातात दाढीचा ब्रश.

त्यांनी बादली खाली ठेवली आणि मलाच धीर दिल्यासारखं म्हणाल्या, ताईंच्या आजारपणाने तुमची फार ओढाताण होते आहे, भाऊजी. मग पेटीकडे बघत म्हणाल्या की थोड्या माश्या उरल्यात, राणी आहे की नाही ठाऊक नाही. पूर्वी संध्याकाळी पेटीला कान लावला की आत कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटायचं. आता त्या मशीन उशिरापर्यंत चालू ठेवतात. काम नसलं तरी. नुसतं पायाने चालवत राहतात, कापड न लावता.

मी म्हटलं, हं.

भिंत चढून परत आलो. ढोपर सोललं. बरं झालं असं वाटलं.

त्यांच्या वांग्यांचीही चाळण झाली आहे. तिकडे मी बघितलं नाही असं ठरवतो.

१८ मार्च

प्लास्टर काढलं. मुलगी सुट्टी काढून आली. हिचा हट्ट, आधी बाग बघायची. मी म्हटलं, आज ऊन आहे, उद्या जाऊ. मुलगी म्हणाली, बाबा, बाहेर ढग आलेत.

एका बाजूने मुलगी, एका बाजूने काठी, अशी ही पायरी उतरली. मी मागे. हिने घेवडा पाहिला. काकडी पाहिली. मग वांग्यांकडे वळली. पानं राहिली नव्हतीच, देठांवर नुसती जाळी लटकत होती, आणि त्या जाळीवर माझे मित्र आरामात बसले होते. पिल्लांसकट.

ही पालथ्या बादलीवर बसली. एक किडा उचलून तळहातावर घेतला. मुलगी म्हणाली, बाबा, हे ते नव्हेत. ते चकचकीत असतात. हे वांग्याची पानं खाणारे. लेखात दोघांचं चित्र शेजारी शेजारी होतं, खाली लिहिलंही होतं की गफलत करू नका.

हिने शांतपणे विचारलं, घेवड्यावर काळ्या काटेरी अळ्या दिसल्या का हो? नारिंगी पट्ट्याच्या? दरवर्षी याच सुमारास येतात. त्या खऱ्या ठिपकेवाल्यांची पिल्लं. मावा तीच संपवतात. मी त्यांची वाट बघत असते.

मी म्हटलं, यंदा आल्या नसाव्यात.

आल्या होत्या. एकही सुटली नव्हती.

मग मुलगी पत्र्यामागून खुरपं आणायला गेली आणि पंप घेऊन आली. हिने झाकण काढून वास घेतला. झाकण परत लावलं आणि पंप पायाशी ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी तुमच्या वतीने शब्द दिला होता. खिडकीतून. तुम्ही घरात होतात का तेव्हा?"

मी हो म्हटलं. दीड महिन्यात हिला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

ही काठी टेकत उठायला लागली. मी हात पुढे केला. तिने मुलीचा हात धरला.

१९ मार्च

टेलरबाईंकडे गेलो. गिऱ्हाईक होतं. थांबलो. गिऱ्हाईक गेलं. सांगितलं. फवारणीचं, सकाळी केल्याचं, दुकानदाराने बजावल्याचं, डबाभर किड्यांचंही. चष्मा शोधत नव्हतो तेही सांगितलं.

त्यांनी मशीनखालचं कापड काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मी त्या माणसाला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?" मी म्हटलं, ऐकलं. "सगळं?" सगळं. "मग माश्यांचं मला नका सांगू. आधी त्यांच्याकडे जा. मला स्वतःला जायचंय, पण तुम्ही आधी जा."

व्हॅनवाले आरसा पुसत होते. मी बोलायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांनी थांबवलं. म्हणाले, ठाऊक आहे. त्या सकाळी ते माडीवरच्या खिडकीत दात घासत उभे होते. मी पंप घेऊन फिरताना त्यांनी पाहिलं होतं. पिवळ्या फुलांपाशी मी वाकलो तेही.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? एवढं ऐकून घेतलंत.

ते म्हणाले, "वहिनी अंथरुणावर होत्या. त्यांनी तुमची हमी दिली असं बाईंनी भांडताना सांगितलं. मी खरं बोललो असतो तर वहिनी खोट्या पडल्या असत्या. म्हटलं, आज ना उद्या तुम्ही स्वतःच जाल. रोज वाटायचं, आज जाल."

आणि आरसा पुसायला लागले. स्वच्छच होता.

घरी येऊन हिला हे सांगितलं. ती तोंड फिरवून पडून राहिली.

२० मार्च

सकाळी एक विचार आला. व्हॅनवाले खिडकीतून हाक मारू शकले असते. वेळेवर एक हाक, आणि माश्या वाचल्या असत्या. म्हणजे थोडी जबाबदारी.

नाही. पुढचं लिहीत नाही.

२६ मार्च

गाठोडी परत व्हॅनमधून जाऊ लागली. बाई स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलल्या. काय बोलल्या ठाऊक नाही, मला सांगण्याचं कुणाला कारण नाही. पेटी त्यांनी गावाबाहेर मधमाश्या पाळणाऱ्याकडे पोचवली, व्हॅनमधूनच. तो म्हणाला, उरलेल्या माश्या दुसऱ्या पेटीत मिसळून बघतो, जगतील असं सांगता येत नाही. अंगणात पेटी होती तिथे फिकट चौकोन उरलाय. स्टूल तसंच आहे.

मुलगी परत गेली. जाताना तो लेख मोठ्या अक्षरात छापून टेबलावर ठेवून गेली. आज चष्मा लावून वाचला. शेवटपर्यंत. कुंभारीण माशीबद्दलही आहे. आपल्या पिल्लांना खायला म्हणून ती बागेतल्या अळ्या पकडून मडक्यात भरते. लेख वाचून झाल्यावर भिंतीकडे जाऊन उभा राहिलो. मातीचे डाग आहेत फक्त.

ही बोलते आहे. मीठ द्या, फोन बघा, एवढं.

२ एप्रिल

बाईंच्या वांग्यांना नवी पालवी फुटली आणि त्यावरही ठिपकेवाले चढले. आपण होऊन गेलो आणि म्हटलं, मी वेचतो. औषध नाही, हाताने. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

सकाळपासून त्यांच्या अंगणात आहे. एकेक पान उलटायचं, किडा उचलायचा, बाटलीत टाकायचा. खाली पिवळी अंडी असली तर चिरडायची. काम सोपं आहे. माझ्याकडून बरं होतंय असं वाटत होतं.

मशीनच्या खोलीत गिऱ्हाईक आलं. खिडकी उघडी होती. गिऱ्हाईक म्हणालं, तिकडे झाडांत कोण बसलंय? बाई म्हणाल्या, कुणी नाही, शेजारचे आहेत, किडे वेचतात. गिऱ्हाईक म्हणालं, बरं आहे की, तुमचं काम वाचलं. बाई म्हणाल्या, वाचतं कसलं, ते गेल्यावर मला सगळी पानं परत बघावी लागतात.

मान वर केली नाही. पुढचं पान उलटलं.